रक्तांतील फॉस्फेटाचा जमाखर्च



गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं शाळा सुटल्यावर आमच्या वसतिगृहांतील नववीचा एक विद्यार्थी प्रयोगशाळेच्या दाराशीं येऊन उभा राहिला. त्याच्या हातांत घडी केलेला एक कागद होता. त्याच्या वडिलांचीं मूत्रपिंडें मधुमेहामुळें निकामी झालीं असून आठवड्यांतून तीनदां त्यांस डायलिसिसकरितां जिल्ह्याच्या गांवीं जावें लागतें, हें आम्हांस ठाऊक होतें. तो कागद त्यांच्या रक्ततपासणीचा होता आणि त्यांतील एका ओळीखालीं लाल रेघ ओढलेली होती : फॉस्फरस, ६.९.

मुलगा म्हणाला, "सर, डॉक्टरांनीं बाबांचें दूध आणि शेंगदाणे तोडावयास सांगितलें आहे. आपण तर वर्गांत शिकविलेंत कीं, दुधानें हाडें बळकट होतात. मग खरें कोणाचें?"

प्रश्न रास्त होता, आणि त्याच्या मागें घरचें दुःख होतें. त्या घरीं दोन दुभत्या म्हशी आहेत. शेतांत भुईमूग पिकतो. ज्या मनुष्यानें जन्मभर तें दूध काढलें व त्या शेंगा उपटल्या, त्याच्याच ताटांतून या दोन्ही वस्तु काढून घ्याव्या, हें घरच्यांस पटत नव्हतें. "अशक्त माणसाचें दूध कोणी तोडतें काय?" असें म्हणून आई रोज संध्याकाळीं पेलाभर दूध गुपचूप देत असे.

आम्ही त्या दिवशीं त्यास पुरतें उत्तर देऊं शकलों नाहीं. पाठ्यपुस्तकांतील वाक्य आम्हांस येत होतें. त्याच्या पुढचें येत नव्हतें. तेव्हां आम्ही ग्रंथ चाळले, एका अनुभवी डॉक्टरस्नेह्यांस शंका विचारिल्या, आणि जें समजलें तें त्या विद्यार्थ्यास सांगितलें. तेंच आज सर्व विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों. आरंभीं एवढेंच सांगतों कीं, वर्गांत शिकविलेलें खोटें नव्हतें आणि डॉक्टरांचें सांगणेंही खोटें नव्हतें. एकच पदार्थ एका शरीरास हितकर व दुसऱ्यास अहितकर कां होतो, हेंच या पाठाचें मर्म आहे.

१. फॉस्फेट म्हणजे काय?

इ. स. १६६९ मध्यें जर्मनींतील हँबर्ग शहरीं हेनिग ब्रांड नांवाचा एक किमयागार सोनें करण्याच्या नादांत होता. त्यानें पुष्कळसें मानवी मूत्र आटवून व तापवून पाहिलें. सोनें अर्थातच मिळालें नाहीं. परंतु अंधारांत आपोआप चमकणारा मेणासारखा एक पदार्थ हातीं आला. त्यास 'फॉस्फरस' म्हणजे प्रकाश वाहून आणणारा, असें ग्रीक नांव मिळालें. आपल्या भाषेंत त्यास स्फुर किंवा स्फुरद म्हणतात. ज्यांच्या घरीं शेती आहे त्यांस खताच्या पोत्यामुळें हा शब्द परिचयाचा असेल. पुढें शंभर वर्षांनीं स्वीडनमधील गान व शेले या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, हेंच द्रव्य हाडांतही असतें.

शुद्ध पांढरा फॉस्फरस विषारी असून हवेंत पेट घेतो. शरीरांत तो तसा कधींच नसतो. त्याचा एक परमाणु प्राणवायूच्या चार परमाणूंशीं जोडला गेला म्हणजे जो गट होतो, तोच फॉस्फेट. तपासणीच्या कागदावर 'फॉस्फरस' असें लिहिलेलें असलें तरी मोजलेलें असतें तें रक्तांतील फॉस्फेटच, हें ध्यानांत ठेवावें.

प्रौढ मनुष्याच्या शरीरांत सुमारें ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो. त्यांपैकीं शेंकडा ८५ हाडांत व दांतांत, आणि उरलेला बहुतेक मांसपेशी व इतर पेशी यांच्या आंत असतो. पेशींच्या बाहेर, रक्तांत व इतर द्रवांत, जेमतेम शेंकडा एक भाग खेळत असतो. निरोगी प्रौढाच्या १०० मिलिलिटर रक्तद्रवांत तो २.५ ते ४.५ मिलिग्रॅम इतका आढळतो. अशा मनुष्याच्या अंगीं सुमारें तीन लिटर रक्तद्रव असतो, असें धरून हिशेब करून पाहा. सर्व रक्तद्रवांत मिळून फॉस्फरस भरतो अवघा १०० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे तांदुळाच्या चारपांच दाण्यांच्या वजनाएवढा. कोठारांत ७०० ग्रॅम, आणि बाजारांत खेळणारें नाणें एवढेंसें! पण हें नाणें वाजवीपेक्षां थोडें घटलें किंवा वाढलें तरी सर्व व्यवहार बिघडतो.

२. याचें काम काय?

पहिलें काम सर्वांच्या परिचयाचें आहे. कॅल्शियम व फॉस्फेट यांच्या संयोगानें जे कठीण स्फटिक होतात, तेच हाडांस व दांतांस बळ देतात. नुसतें कॅल्शियम खाऊन हाड होत नाहीं. विटा आणि चुना दोन्ही असल्यावांचून भिंत उभी राहात नाहीं, तसेंच हें आहे.

दुसरें काम डोळ्यांस न दिसणारें आहे. आपण खाल्लेल्या अन्नांतील शक्ति स्नायूंस थेट वापरतां येत नाहीं. ती प्रथम ए.टी.पी. नांवाच्या एका द्रव्यांत सांठविली जाते. या द्रव्यास तीन फॉस्फेट एकामागून एक जोडलेले असतात. शेवटचा फॉस्फेट सुटला कीं शक्ति मोकळी होते, आणि तो पुन्हां जोडला गेला कीं द्रव्य पुढील कामास सिद्ध होतें. तुम्ही खोखोच्या मैदानावर धांवतां, हृदय ठोका देतें, किंवा हा लेख वाचतांना मेंदु विचार करतो, त्या प्रत्येक क्षणीं हें मोडणें-जोडणें चाललेलें असतें. मनुष्य दिवसभरांत जवळजवळ आपल्या वजनाइतकें ए.टी.पी. असें मोडतो व जोडतो.

याशिवाय प्रत्येक पेशीचें पातळ आवरण फॉस्फेटयुक्त स्निग्ध द्रव्यांचें असतें. आईबापांचे गुण मुलांत उतरविणारें जें आनुवंशिक द्रव्य, त्याचा कणाही साखर व फॉस्फेट यांच्या साखळीचा आहे. तांबड्या पेशींनीं फुफ्फुसांतून आणलेला प्राणवायु शरीरास सोडून द्यावा, यासही एक फॉस्फेटयुक्त द्रव्य साहाय्य करतें.

३. एवढें अल्प प्रमाण मोजतात कसें?

येथें एका भारतीयाचें नांव आदरानें घेतलें पाहिजे. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ सालीं आंध्र प्रदेशांतील भीमवरम् येथें झाला. बालपणीं घरांत मृत्यु व दारिद्र्य यांचे आघात झाले. मॅट्रिकची परीक्षा तिसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाली. पुढें मद्रासच्या मेडिकल कॉलेजांत वैद्यकाचें शिक्षण घेऊन ते अमेरिकेंत गेले आणि हार्वर्ड येथें सायरस फिस्क यांच्या हाताखालीं काम करूं लागले. त्या दोघांनीं १९२५ सालीं रक्त व मूत्र यांतील फॉस्फरस मोजण्याची एक सोपी रीत प्रसिद्ध केली. जगभरच्या प्रयोगशाळांत ती त्यांच्याच जोडनांवानें ओळखली जाते.

रीत अशी आहे. प्रथम आम्ल घालून रक्तांतील प्रथिनें खालीं बसवितात व वरचें निवळ पाणी घेतात. त्यांत मॉलिब्डेट नांवाचा क्षार घातला म्हणजे तो फॉस्फेटाशीं संयोग पावतो. नंतर आणखी एक द्रव्य घालतांच त्या संयुगास निळा रंग चढतो. फॉस्फेट जितकें अधिक, तितका निळा रंग गडद. ठाऊक असलेल्या प्रमाणाच्या द्रावणाशीं हा रंग यंत्रानें ताडून पाहिला कीं आंकडा मिळतो. कपड्यांस नीळ देतांना पाण्याच्या रंगावरून नीळ किती पडली हें तुमच्या आईस कळतें; तत्त्व तेंच. आतां बहुतेक ठिकाणीं यंत्र हें काम कांहीं मिनिटांत करतें आणि निळ्या रंगाची पायरी पुष्कळदां गाळली जाते. तथापि फॉस्फेट व मॉलिब्डेट यांचा संयोग हाच अद्यापि त्याचा पाया आहे.

हें मोजमाप साधल्यामुळेंच फिस्क व सुब्बाराव यांस १९२७ सालीं स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन हें शक्तिद्रव्य सांपडलें, आणि १९२९ च्या सुमारास ए.टी.पी.चाही शोध लागला. त्याच वेळीं जर्मनींत कार्ल लोमान यांनींही तें शोधिलें होतें. पुढें हत्तीरोगावरील एक गुणकारी औषधही सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालीं तयार झालें. १९४८ सालीं अमेरिकेंतच त्यांचें देहावसान झालें. १९९५ मध्यें, जन्मशताब्दीच्या वर्षीं, भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें. परीक्षेंत एकदां अपयश आलें म्हणून जे खचून जातात, त्यांनीं हें चरित्र अवश्य वाचावें.

४. हिशेब कोण ठेवतें?

आपल्या नित्याच्या जेवणांतून प्रौढ मनुष्याच्या पोटांत दररोज १००० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक फॉस्फरस जातो. त्यांतील निम्म्याहून अधिक भाग आंतड्यांतून रक्तांत येतो. जितका आला तितकाच मूत्रावाटें बाहेर गेला, तर हिशेब जुळला. हें काम मूत्रपिंडांचें. तीं रक्तांतून फॉस्फेट गाळतात, शरीरास हवें तेवढें परत घेतात, व उरलेलें टाकून देतात.

किती ठेवावें व किती टाकावें, हें सांगणारे तीन कारकून आहेत. पहिला ड जीवनसत्त्व. हें सूर्यप्रकाशामुळें कातडींत तयार होतें आणि आंतड्यांकडून कॅल्शियम व फॉस्फेट शोषवून घेतें. हा जमेचा कारकून. दुसरा म्हणजे गळ्यांत अवटु ग्रंथीच्या मागें असणाऱ्या चार इवल्याशा परावटु ग्रंथींचा रस. रक्तांतील कॅल्शियम उतरलें कीं हा हाडांतून कॅल्शियम व फॉस्फेट दोन्ही काढतो, पण मूत्रपिंडांस सांगतो कीं, फॉस्फेट टाकून द्या. तिसरा कारकून इ. स. २००० च्या सुमारास उजेडांत आला. त्याचें नांव एफ.जी.एफ.-२३. तो निर्माण होतो हाडांतच! हाड म्हणजे शरीराचा नुसता खांब, अशी आपली समजूत असते. वस्तुतः फॉस्फेट फार झालें कीं हाड स्वतःच हा निरोप रक्तांतून धाडतें आणि मूत्रपिंडें जास्त फॉस्फेट बाहेर टाकूं लागतात.

मुलांच्या बाबतींत हा हिशेब निराळा असतो. त्यांचीं हाडें वाढत असल्यामुळें जमा ही खर्चापेक्षां अधिक असावी लागते. म्हणून मुलांच्या रक्तांत फॉस्फेट प्रौढांपेक्षां अधिक असतें; शाळकरी वयांत ५ किंवा ६ हा आंकडा दिसला तरी तो बहुधा रोगाचा नसून वाढीचा असतो. अमेरिकेंतील आहारशास्त्रज्ञांनीं प्रौढांस दररोज ७०० मिलिग्रॅम फॉस्फरस पुरेसा मानला आहे, पण ९ ते १८ वर्षांच्या मुलांस १२५० मिलिग्रॅम सांगितला आहे, त्याचें कारण हेंच. तेव्हां वर्गांत जें शिकविलें तें तुमच्या वयास अगदीं लागू आहे : दूध प्या, डाळी व शेंगदाणे खा, आणि उन्हांत खेळा.

५. फॉस्फेट फार उतरलें तर?

नेहमींच्या अन्नांत फॉस्फेट इतकें असतें कीं, केवळ आहारामुळें तें कमी पडणें विरळा. परंतु सूर्यप्रकाश व ड जीवनसत्त्व यांच्या अभावीं तें शोषलें जात नाहीं, व कॅल्शियमही मिळत नाहीं. मग मुलांचीं हाडें मऊ पडतात, पाय धनुकलीसारखे वांकतात. यासच मुडदूस म्हणतात. कांहीं घराण्यांत असा एक मुडदूस आढळतो कीं, ड जीवनसत्त्व देऊनही तो हटत नाहीं. तेथें तिसरा कारकून अतोनात काम करतो व मूत्रपिंडें फॉस्फेट वाहून जाऊं देतात. या कारकुनास आवरणारें औषध २०१८ पासून उपयोगांत आलें आहे. दारूचें व्यसन व आम्लपित्तावरील कांहीं औषधांचा दीर्घकाळ अतिरेक, यांनींही फॉस्फेट घटतें.

सर्वांत विलक्षण प्रकार मात्र दीर्घ उपासमारीनंतरचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ च्या सुमारास, छावण्यांतून सुटलेल्या अस्थिपंजर कैद्यांस लोकांनीं दयाबुद्धीनें पोटभर अन्न दिलें, आणि भुकेनें मेले नव्हते असे कित्येक जण जेवणानंतर मेले. असें कां व्हावें? उपासमारींत शरीरांतील फॉस्फेटाचा सांठा आंतून रिकामा झालेला असतो, पण रक्तांतला आंकडा ठीक दिसतो. एकाएकीं भात, साखर असें पिष्ट अन्न मिळालें कीं इन्सुलिन वाढतें आणि पेशी रक्तांतील फॉस्फेट भराभर ओढून घेतात. रक्तांत तें १ मिलिग्रॅमच्याही खालीं उतरूं शकतें. मग ए.टी.पी. करावयास फॉस्फेट उरत नाहीं; स्नायु गळतात, श्वासपटल थकतें, हृदय मंदावतें. म्हणून फार दिवसांच्या उपाशी किंवा आजारानें खंगलेल्या मनुष्यास डॉक्टरांच्या देखरेखीखालीं थोडें थोडें अन्न देऊन, रक्त तपासून, हळूहळू वाढवीत नेतात. एकादशीचा किंवा एखाद्या दिवसाचा उपास सोडणाऱ्या निरोगी मनुष्यास मात्र ही भीति नाहीं.

६. फॉस्फेट फार वाढलें तर?

आतां आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. मूत्रपिंडें निकामी झालीं म्हणजे खर्चाचें दार बंद होतें, पण जमा रोजच्या जेवणाबरोबर चालूच राहते. यांतील फसवी गोष्ट अशी कीं, प्रारंभीं रक्तांतला आंकडा मुळींच वाढत नाहीं. परावटु ग्रंथी व हाडें आपापले निरोप वाढवून दुबळ्या मूत्रपिंडांकडून अधिक काम करवून घेतात. मूत्रपिंडांची सुमारें दोनतृतीयांश शक्ति गेल्यावर मग कोठें फॉस्फेट चढूं लागतें. म्हणून फॉस्फेट ठीक आहे एवढ्यावरून मूत्रपिंडें ठीक आहेत, असें समजूं नये.

वाढलेलें फॉस्फेट प्रथम दुखत नाहीं. फार तर अंगास कंड सुटते. परंतु आंत तें कॅल्शियमशीं मिळून धमन्यांच्या भिंतींत बसूं लागतें. ज्या स्फटिकांनीं हाड व्हावयाचें, त्यांनीं रक्तवाहिनी कठीण होते व हृदयावर ताण पडतो. इकडे परावटु ग्रंथी सतत चेतविल्यामुळें हाडांतून कॅल्शियम निघून जातें. म्हणजे हाड दगडासारखें व्हावयाचें तें मऊ, आणि धमनी मऊ असावयाची ती दगडासारखी, अशी उलट स्थिति होते. आईनें प्रेमानें दिलेल्या त्या पेलाभर दुधानें हाडांस बळ न मिळतां हाच विपर्यास वाढत होता.

"पण बाबांचें डायलिसिस होतें ना? मग फॉस्फेट निघून जात नाहीं काय?" असें त्या मुलानें विचारिलें. आम्ही त्यास फळ्यावर गणित घातलें. तुम्हीही सोडवून पाहा. रोज १००० मिलिग्रॅम फॉस्फरस पोटांत गेला व त्यांतील ६०० रक्तांत आला, तर आठवड्याची जमा ४२०० मिलिग्रॅम. चार तासांच्या एका डायलिसिसमध्यें सुमारें ८०० मिलिग्रॅम निघतो. आठवड्यांत तीन वेळां म्हणजे २४००. बाकी राहिली १८००. ही बाकी दर आठवड्यास अंगावर चढते. कारण निरोगी मूत्रपिंड रात्रंदिवस काम करतें, आणि यंत्र आठवड्यांतून बारा तास. मुलानें बाकी काढली आणि बराच वेळ तो फळ्याकडे पाहात राहिला.

७. बाकी कशी फेडावी?

ती फेडण्याचे मार्ग दोन : जमा कमी करणें व जमेस आंतड्यांतच अडविणें.

जमा कमी करावयाची म्हणजे रोग्यास उपाशी ठेवावयाचें नाहीं. डायलिसिसवरील मनुष्यास प्रथिनांची गरज उलट अधिक असते. फॉस्फेट कोठून येतें व त्यांतील किती शोषलें जातें, हें पाहून निवड करावी लागते. धान्यें, कडधान्यें व तेलबिया यांतील बरेंच फॉस्फेट 'फायटेट' या रूपांत असतें. तें फोडणारें पाचकद्रव्य मनुष्याच्या आंतड्यांत नाममात्रच असल्यामुळें त्यांतील पुष्कळसें तसेंच बाहेर पडतें. दूध, अंड्याचा बलक, मांस व मासे यांतील फॉस्फेट त्याहून अधिक शोषलें जातें; १०० मिलिलिटर दुधांत सुमारें ९० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. अंड्याच्या पांढऱ्या भागांत मात्र प्रथिनें पुष्कळ व फॉस्फेट अगदीं थोडें. कारखान्यांत टिकाऊपणासाठीं किंवा चवीसाठीं मिसळलेले फॉस्फेटचे क्षार सर्वांत वाईट, कारण ते जवळजवळ सगळेच्या सगळे रक्तांत येतात. प्रक्रिया केलेलें चीज, डबाबंद मांस, काळीं कोलापेयें यांत ते असतात. पाकिटावरील बारीक अक्षरांत ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२ असे आंकडे दिसले तर ते याच क्षारांचे समजावे. तेव्हां पहिली कात्री यांवर चालवावी. डाळ व भाकरी सरसकट बंद करूं नये. डाळ भिजवून, उकळून वरचें पाणी टाकल्यानेंही फॉस्फेट थोडें घटतें. कोणी काय व किती खावें, हें मात्र त्या त्या रोग्याचे डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांनींच ठरवावयाचें आहे. मूत्रपिंडांच्या रोग्यास पोटॅशियम वगैरे दुसरींही पथ्यें असतात.

निरोगी मुलांनीं हें वाचून डाळी किंवा दूध सोडूं नये. त्यांच्याकरितां उलट सूचना अशी कीं, मटकी-मुगास मोड आणावे व पीठ आंबवावें. त्यामुळें फायटेट फुटतें आणि अन्नांतील लोह व जस्त अंगीं लागतें. आपल्या आज्यांनीं ही रीत शास्त्राचें नांव न घेतां चालविली.

दुसरा मार्ग गोळ्यांचा. या गोळ्या आंतड्यांत अन्नांतील फॉस्फेटास धरून ठेवतात व तें मलावाटें निघून जातें. पूर्वीं याकरितां ॲल्युमिनियमचें औषध देत. परंतु डायलिसिसच्या रोग्यांचा मेंदु व हाडें यांस तें बाधतें असें आढळल्यामुळें तें मागें पडलें. आतां कॅल्शियमचे क्षार किंवा दुसरीं औषधें देतात. या गोळीचें काम अन्नाशीं आहे, रक्ताशीं नाहीं. म्हणून ती जेवणाबरोबरच घ्यावी लागते.

हें सांगतांना मुलगा एकदम म्हणाला, "सर, बाबा तर त्या सगळ्या गोळ्या पहांटे चहाच्या आधीं घेतात!" औषध रिकाम्या पोटीं घेतलें म्हणजे अधिक लागू पडतें, अशी त्यांची समजूत. पोटांत अन्नच नाहीं तर गोळीनें धरावें काय? पैसे खर्चून आणलेलीं औषधें महिनोन्‌महिने वायां जात होतीं, आणि हें कोणी विचारलें नव्हतें व कोणी सांगितलें नव्हतें.

८. कागद वाचतांना

पालकांकरितां तीन सूचना येथें करतों. पहिली, मुलाच्या कागदावरील आंकडा प्रौढांच्या मर्यादेशीं ताडूं नये. दुसरी, एकक पाहावें. कांहीं ठिकाणीं मिलिग्रॅमऐवजीं मिलिमोल लिहितात. एक मिलिमोल दर लिटरमागें म्हणजे १०० मिलिलिटरमागें सुमारें ३.१ मिलिग्रॅम. एका कागदावर १.२ व दुसऱ्यावर ३.७ दिसलें तर दोन्ही एकच समजावे. तिसरी, काढलेलें रक्त फार वेळ तसेंच पडून राहिलें किंवा त्यांतील पेशी फुटल्या, तर पेशींतलें फॉस्फेट बाहेर येऊन आंकडा खोटा चढतो. शिवाय हें प्रमाण दिवसभरांतही थोडें खालींवर होतें. म्हणून एका आंकड्यावरून घाबरूं नये, आणि निश्चिंतही होऊं नये. डॉक्टरांकडून पुन्हां तपासून घ्यावें.

आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, ज्यांस मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्यांनीं दरवर्षीं मूत्रांतील प्रथिन व रक्तांतील क्रिएटिनिन तपासून घ्यावें, आणि वेदनाशामक गोळ्या मनास येतील तशा घेऊं नयेत. मूत्रपिंड बिघडतांना ओरडत नाहीं. आपणच जाऊन त्यास विचारावें लागतें.

असो. पाठ येथें संपला. त्या विद्यार्थ्यानें सुटींत घरीं जाऊन फळ्यावरचें तें गणित आईस चुलीपुढें कोळशानें लिहून दाखविलें. मागील महिन्यांत तो नवा कागद घेऊन आमच्याकडे आला. आंकडा होता ५.२. अद्यापि वाजवीपेक्षां अधिकच, पण उतरलेला. गोळी आतां पहांटे घेतली जात नाहीं. आई ती ताटांत लिंबाच्या फोडीशेजारीं वाढते, म्हणजे पहिल्या घांसाबरोबर आठवण राहते. "आणि दुधाचें काय केलेंत?" असें आम्ही विचारिलें.

तो म्हणाला, "संध्याकाळचा पेला आतां धाकट्या बहिणीस मिळतो, सर. तिचीं हाडें अजून वाढावयाचीं आहेत."